सोयीचे सर्व अधिकार : एका चौकशीचे नाटक

दहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तुम्ही कुठे होता, हे तुम्हाला पुराव्यानिशी सांगता येईल का? आम्ही हा प्रश्न घरात विचारून पाहिला. अम्मी म्हणाली, "त्या साली धाकटीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणजे घरीच असणार." पुरावा काय, असे विचारताच ती हसली. कांजिण्यांचा कुणी पुरावा ठेवतो का? मग पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात दोन विजेची बिले, एका लग्नाची पत्रिका आणि शाळेच्या फीची पावती सापडली. पावतीवरची तारीख पुसट झालेली होती. बस, एवढ्यावर आमचा अख्खा उन्हाळा उभा.

१९४८ च्या जुलैत अमेरिकेच्या वायव्य टोकावरच्या सिअ‍ॅटल शहरात एका प्राध्यापकावर हाच प्रश्न भर सभेत येऊन पडला. त्यांचे नाव मेल्विन रेडर. वॉशिंग्टन विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकवत. (वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचे शहर नव्हे, त्याच नावाचे पश्चिमेकडचे राज्य.) जॉर्ज हेविट नावाच्या साक्षीदाराने शपथेवर सांगितले की, दहाएक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हे गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टन गावाजवळ कम्युनिस्ट पक्षाच्या एका गुप्त शाळेत होते आणि आपण त्यांना तिथे पाहिले. हे ठिकाण देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. रेडर म्हणाले, मी तिथे कधीही गेलेलो नाही, पक्षाचा सभासदही कधी नव्हतो. दोघेही शपथेवर बोलत होते, म्हणजे दोघांपैकी एक जण नक्की खोटे बोलत होता. साक्षीदाराला दोन उलटे प्रश्न विचारले असते तर बरेच उलगडले असते. पण त्या चौकशीत उलटतपासणीला परवानगीच नव्हती.

या चौकशीवर पुढे नाटक आले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्याच नाट्यविभागातील प्राध्यापक मार्क जेंकिन्स यांनी ते लिहिले. चौकशीला पन्नास वर्षे झाली त्या साली, म्हणजे १९९८ मध्ये, ते रंगमंचावर आले आणि दोन वर्षांनी विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ते पुस्तकरूपाने काढले. नाटकाचे नाव 'ऑल पॉवर्स नेसेसरी अँड कन्व्हीनियंट', म्हणजे आवश्यक आणि सोयीचे सर्व अधिकार. हे शब्द नाटककाराच्या पदरचे नाहीत. राज्याच्या विधिमंडळाने १९४७ मध्ये चौकशी समिती नेमताना ठरावात हेच शब्द वापरले होते. आवश्यक अधिकार आम्हाला समजतात. पण 'सोयीचे' हा शब्द कुणाच्या लेखणीतून उतरला असेल? कुणाची सोय? सरकारी कागदात कधी कधी एखादा शब्द नकळत खरे बोलून जातो.

समितीचे अध्यक्ष होते स्पोकेनचे आमदार अल्बर्ट कॅनवेल. नुकतेच पहिल्यांदा निवडून आलेले आणि त्याआधी शेरीफच्या कार्यालयात काम केलेले. सारा देश पुढे ज्यांच्या नावाने तो काळ ओळखू लागला, त्या सिनेटर मॅकार्थींचा गाजावाजा सुरू झाला १९५० मध्ये. सिअ‍ॅटलची चौकशी त्याच्या आधीची. कम्युनिस्ट पक्षावर त्या वेळी बंदी नव्हती. १९३० नंतरच्या मंदीत, लाखो लोक बेकार असताना आणि युरोपात हिटलर वर चढत असताना, अनेक शिकलेली माणसे त्या पक्षाकडे वळली. काही वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडली, काही टिकली. युद्ध संपले, रशिया मित्राचा शत्रू झाला आणि दहा वर्षांपूर्वीची ही सभासदत्वे अचानक गुन्ह्यासारखी दिसू लागली.

सुनावणी शहरातल्या लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीत झाली. न्यायालय नव्हते, पण न्यायालयाचे सारे सोंग होते. शपथ होती, साक्षीदार होते, समन्स होते, बातमीदार आणि छायाचित्रकारही होते. नव्हते ते एवढेच की आरोपीच्या वकिलाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नसे. हरकत घेणाऱ्या वकिलाला पोलिसांकरवी बाहेर काढण्याचा प्रकारही घडला. साक्षीदारांमध्ये पूर्वी पक्षात असलेले आणि आता पक्षाविरुद्ध बोलणारे बरेच जण होते. एका समितीपुढून दुसऱ्या समितीपुढे जाऊन साक्ष देणे हा त्यांच्यातल्या काहींचा धंदाच झाला होता.

प्राध्यापकांना विचारला जाणारा मुख्य प्रश्न एकच होता : तुम्ही पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का? 'हो' म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येई : तुमच्याबरोबर आणखी कोण होते? खरी अडचण तिथे होती. स्वतःबद्दल सांगायला काही जण तयार होते. हॅरॉल्ड ईबी, गार्लंड एथेल आणि मेल्विल जेकब्ज या तिघांनी आपण पूर्वी सभासद होतो हे कबूल केले, पण मित्रांची नावे घेणार नाही म्हणाले. इंग्रजीचे जोसेफ बटरवर्थ आणि तत्त्वज्ञानाचे हर्बर्ट फिलिप्स यांनी समितीला उत्तरच दिले नाही. आपल्या विचारांबद्दल विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, ही त्यांची भूमिका. काहींनी नावे सांगितलीही. त्यांना आपण घरात बसून दोष देऊ नये. पोराबाळांचा संसार आणि नोकरी समोर ठेवून समन्स आले की माणूस काय करील, हे त्याचे त्यालाही आधी ठाऊक नसते.

यानंतर विद्यापीठाने स्वतःची चौकशी सुरू केली. आम्हाला हा भाग कॅनवेल यांच्या सुनावणीपेक्षा जास्त बोचतो, कारण इथे सगळे नियमाने झाले. अकरा प्राध्यापकांची समिती बसली, आठवडेच्या आठवडे साक्षी झाल्या, आणि इथे वकिलांना बोलताही आले. बटरवर्थ आणि फिलिप्स यांनी या समितीपुढे आपण सभासद आहोत हे मोकळेपणाने सांगितले. बटरवर्थ शिकवत काय, तर चॉसर, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीचा कवी. फिलिप्स वर्गाला सुरुवातीलाच आपला कल सांगून ठेवत, म्हणजे विद्यार्थ्यांनी आपले बोलणे तेवढे वजा करून ऐकावे. समितीतील बहुमताने या दोघांना काढू नये असे सांगितले. मानसशास्त्राचे राल्फ गुंडलाख यांना मात्र काढावे, असे तिचे मत पडले. ते आपण सभासद नाही असे म्हणत होते, पण त्यांची उत्तरे वळणावळणाची वाटली.

विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड अ‍ॅलन पेशाने डॉक्टर. त्यांनी नवाच युक्तिवाद मांडला. पक्षाचा माणूस पक्षाच्या आज्ञेत असतो, म्हणून तो सत्याचा शोध मोकळ्या मनाने घेऊ शकत नाही, आणि म्हणून शिकवायला अपात्र ठरतो. शिकवण्यात कुठे खोट काढली का? नाही. अपात्रता सभासदत्वातच होती. २२ जानेवारी १९४९ रोजी नियामक मंडळाने तिघांना बडतर्फ केले आणि ईबी, एथेल, जेकब्ज यांना दोन वर्षे देखरेखीखाली ठेवले. त्या तिघांपैकी एकालाही अमेरिकेत पुन्हा कधी विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. गुंडलाख यांनी न्यूयॉर्कला जाऊन मानसोपचाराचा व्यवसाय धरला. चॉसर शिकवणारे बटरवर्थ पुढे सरकारी मदतीवर जगले.

रेडर यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि नाटकाच्या दृष्टीने तीच सर्वांत भरलेली. ते पक्षाचे नव्हतेच. हिटलरविरोधी आणि नागरी हक्कांच्या संघटनांत वावरणारे उदारमतवादी माणूस. सरकारी वकिलाने हेविटवर खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल केला, पण तोवर हेविट न्यूयॉर्कला पोहोचला होता. तिथल्या न्यायाधीशाने त्याला सिअ‍ॅटलला पाठवायला नकार दिला. म्हणजे रेडर यांना आपली बाजू सिद्ध करायला न्यायालयच उरले नाही.

मग 'सिअ‍ॅटल टाइम्स'चे तरुण बातमीदार एड गथमन यांनी हे प्रकरण हाती घेतले. त्यांनी कोणाची मुलाखत गाजवली नाही की मोठे भाष्य केले नाही. ते कागद शोधत फिरले. रेडर म्हणत होते की १९३८ च्या त्या उन्हाळ्यात आपण डोंगरातल्या कॅन्यन क्रीक लॉज नावाच्या विश्रामगृहात होतो. तिथल्या नोंदवहीत त्यांचे नाव होते. पण ते पान समितीचे तपासनीस घेऊन गेले होते आणि आता सापडत नव्हते. गथमन यांनी दुसरीकडून माग काढला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक घेतल्याची नोंद होती. चष्मेवाल्याकडे रेडर यांच्या चष्म्याची नोंद होती. असे एकेक चिटोरे जुळत गेले आणि जो माणूस न्यूयॉर्कजवळच्या शाळेत बसला होता म्हणे, तो त्या दिवसांत सिअ‍ॅटलच्या परिसरातच पुस्तके घेत, चष्मा करत फिरत होता, हे दिसून आले. १९४९ च्या अखेरीस अध्यक्ष अ‍ॅलन यांनी रेडर निर्दोष असल्याचे जाहीर केले. गथमन यांना १९५० चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. (पुढे ते रॉबर्ट केनेडी यांचे प्रसिद्धी अधिकारी झाले.) रेडर यांनी वीस वर्षांनी, १९६९ मध्ये, या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'फॉल्स विटनेस', म्हणजे खोटा साक्षीदार.

चष्मेवाल्याच्या वहीवर एका माणसाची अब्रू तरली, हे वाचल्यापासून आमच्या मनातून ते जात नाही. ज्याचा चष्मा त्या उन्हाळ्यात धड राहिला, त्याचे काय झाले असते? आपल्याकडे कितीतरी घरांत आजीची जन्मतारीख 'मोठ्या पुराच्या आदल्या पावसाळ्यात' अशी असते. आणि पेटीतली पावती पुसट झालेली असते.

आता नाटकाकडे येऊ. अशा नाटकाला माहितीपट-नाटक किंवा दस्तऐवजी नाटक म्हणतात. संवाद मनाने रचायचे नाहीत. सुनावणीची नोंद, पत्रे, वर्तमानपत्रे यांतले खरे शब्द घेऊन ते नटांच्या तोंडी द्यायचे. आपल्याला 'शांतता! कोर्ट चालू आहे' माहीत आहे. तेंडुलकरांनी १९६७ मध्ये लुटुपुटूच्या खटल्यात एका बाईला खरोखरच आरोपी करून ठेवले. तो खटला कल्पनेतला. दस्तऐवजी नाटकात खटला खरा असतो आणि नाटककार त्यातले काय ठेवायचे, काय वगळायचे, कशाशेजारी काय मांडायचे, एवढेच ठरवतो. अर्थात हे 'एवढेच' फार मोठे असते. जर्मनीत हाइनर किपहार्ट यांनी १९६४ मध्ये अणुशास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्या चौकशीच्या कागदपत्रांवरून असे नाटक केले. अमेरिकेत एरिक बेंटली यांनी १९७२ मध्ये सिनेमावाल्यांच्या चौकशीवर केले. आपल्या मुंबईत सुनील शानबाग यांनी २००९ मध्ये 'सखाराम बाइंडर'च्या १९७२ सालच्या सेन्सॉर प्रकरणावर कागदपत्रांच्या आधाराने प्रयोग रचला होता.

गंमत अशी की, अमेरिकेत या नाट्यप्रकाराचे मूळ रूपच चौकशीने मारले होते. मंदीच्या काळात बेकार नटांना काम देण्यासाठी सरकारने 'फेडरल थिएटर' चालवले. त्यात 'जिवंत वर्तमानपत्र' नावाचे प्रयोग होत. शेतीचे भाव, विजेची मालकी, गरिबांची घरे अशा विषयांवर खरी आकडेवारी आणि खरी भाषणे घेऊन केलेली नाटके. विजेवरचा प्रयोग १९३७ मध्ये सिअ‍ॅटललाही झाला होता. १९३८ च्या डिसेंबरात संसदेच्या समितीने या योजनेच्या संचालिका हॅली फ्लॅनागन यांना बोलावले. त्यांच्या एका लेखात मार्लोचे नाव आले होते. एका सभासदाने गंभीरपणे विचारले, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? शेक्सपिअरच्या आधीचा मोठा नाटककार, असे बाईंना नोंदीवर आणावे लागले. लोक हसले. पण १९३९ च्या जूनअखेर योजना बंद झाली. लोक हसले म्हणजे संकट टळले, असे नसते.

सिअ‍ॅटलमध्येही एक नाट्यगृह या चौकशीत बुडाले. फ्लोरेन्स आणि बर्टन जेम्स या दांपत्याने १९२८ मध्ये सिअ‍ॅटल रेपर्टरी प्लेहाउस सुरू केले होते. विद्यापीठाच्या शेजारीच त्यांची इमारत. १९३६ मध्ये फेडरल थिएटरखाली काळ्या कलावंतांचे पथक उभे राहिले, तेही त्यांच्या पुढाकाराने. त्या काळात काळ्या नटांना विदूषकाच्या कामाखेरीज क्वचितच काही मिळे. कॅनवेल समितीपुढे दोघांनी उत्तरे नाकारली आणि अवमानाबद्दल त्यांना शिक्षा झाली. नाटक बंद करा, असे कुणीही म्हटले नाही. फक्त प्रेक्षक येईनासे झाले. कारण तिथे जाताना कुणी पाहील, अशी भीती लोकांच्या मनात बसली. १९५० मध्ये ती इमारत विद्यापीठाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी बर्टन वारले. फ्लोरेन्स कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात गेल्या आणि तिथल्या गावोगावच्या लोकांना नाटक शिकवू लागल्या.

ज्या विद्यापीठाने प्राध्यापक काढले आणि ज्याच्याकडे ती इमारत गेली, त्याच विद्यापीठाच्या नाट्यविभागातून पन्नास वर्षांनी हे नाटक आले. कॅनवेल त्या वेळी हयात होते, वयाच्या नव्वदीत. २००२ मध्ये ते वारले. आपण केले ते योग्यच, हे त्यांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. एखाद्या संस्थेने आपल्याच अंगणात आपली चूक उभी करून दाखवणे सोपे नसते, एवढे श्रेय आम्ही द्यायला तयार आहोत. पन्नास वर्षे लागली, हेही त्याच दमात सांगायला हवे.

जेंकिन्स यांनी नाटकाला उपशीर्षक दिले आहे : वस्तुस्थिती आणि कल्पना यांचे नाटक. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडला. सुनावणीची नोंद छापील स्वरूपात आहे, ती शब्दशः घेता येते. पण समन्स आल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको काय बोलले, हे कुठल्याच कागदात नसते. तिथे नाटककाराला कल्पना करावी लागते, आणि कल्पना केली हे त्याने मुखपृष्ठावरच सांगितले. आज खऱ्या घटनेवरच्या सिनेमांत काय घडलेले आणि काय रचलेले, याचा पत्ता लागत नाही. त्या मानाने हे सरळ आहे.

तरी अशा नाटकांबद्दल आमची एक तक्रार आहे. आरोपी म्हटला की तो संत होतो. हे प्राध्यापक संत नव्हते. स्टालिनच्या रशियात माणसे मारली जात होती, लाखो जण छावण्यांत होते, आणि पक्षातली शहाणी माणसे त्यावर गप्प होती किंवा ते नाकारत होती. हे त्यांना विचारायला हवे होते, आणि वर्गात, सभेत, वर्तमानपत्रात विचारता आले असते. समितीला त्यात रस नव्हता. तिला नावे हवी होती.

मग नाटकाने साधले काय? आमच्या मते एक गोष्ट, आणि ती लहान नाही. त्या शस्त्रागारात जी उलटतपासणी होऊ दिली नाही, ती नाट्यगृहात होते. हेविटची साक्ष आणि गथमन यांचे कागद प्रत्यक्षात वर्षाहून अधिक अंतराने लोकांपुढे आले. साक्षीचा मथळा मोठा होता. खुलासा आला तोवर अनेकांनी मत बनवून टाकले होते. रंगमंचावर दोन्ही एकाच संध्याकाळी समोर येतात. वर्तमानपत्राचा वाचक पान उलटून जातो, प्रेक्षकाला खुर्चीतून उठता येत नाही. शिवाय नोंदीत न उमटलेली गोष्ट नट दाखवतो. मित्राचे नाव विचारल्यावर माणूस किती वेळ गप्प राहिला, हे लघुलेखक लिहीत नाही.

समितीचे दप्तर मात्र असे समोर येऊ शकले नाही. कॅनवेल १९४८ ची निवडणूक हरले आणि समिती संपली. १९५५ मध्ये विधिमंडळाने समितीचे जुने कागद उघडून पाहिले तेव्हा त्यातले बरेच नाहीसे झालेले आढळले. शेकडो लोकांच्या आयुष्याची माहिती गोळा करणाऱ्या समितीचे स्वतःचेच कागद जागेवर नव्हते.

परवा रविवारी आम्ही घरातल्या मुलांना घेऊन एक खेळ केला. जेवणाच्या टेबलाला चादर घातली, एक खुर्ची पलीकडे ठेवली आणि रेडर-हेविट प्रकरण मराठीत साध्या शब्दांत सांगून त्यांना भूमिका वाटून घ्यायला सांगितले. कॉलेजातल्या भाचीने लगेच बातमीदार पटकावला. भाऊ प्राध्यापक झाला. अध्यक्ष व्हायलाही दोघे भांडले, कारण त्याच्याकडे हातोडा होता. हेविटचे काम कुणीच घेईना. शेवटी अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "द्या इकडे, काय बोलायचे ते सांगा." ती खुर्चीत बसली आणि भाचीकडे बोट दाखवून इतक्या शांतपणे म्हणाली, "हो, मी हिला तिथे पाहिले," की भाची हातातला कागद विसरून म्हणाली, "पण मी तिथे नव्हते!"

अध्यक्षाने हातोडा आपटला. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत, असे त्याला आधीच सांगून ठेवले होते.